कॅलीच्या भाताला दिलेली फोडणी

सुलेखाला मी वीस वर्षं ओळखते, त्यामुळे तिच्याबद्दल चार शब्द बोलायचा मला हक्क आहे. बाई सोन्यासारखी, पण ओट्यापाशी उभी राहिली की कुणाच्या बापाचं ऐकायची नाही. इथं टेक्सासमध्ये, प्लेनोतल्या आमच्या मराठी मंडळींत कुणाकडे पन्नास पानं उठायची असली की फोन सुलेखालाच. मी मीनाक्षी, तिच्या मागच्या गल्लीत राहते. कांदे चिरायला आणि तिची बोलणी खायला मी ठरलेली.

सात वर्षांपूर्वी तिच्या राजचं लग्न झालं. सून ग्रीक घरातली, शिकागोत वाढलेली. नाव कॅलिओपी, सगळे कॅली म्हणतात. लग्नानंतर सुलेखानं वीस-पंचवीस माणसं जेवायला बोलावली, तेव्हा कॅली म्हणाली, "आई, एक डिश मी करू?" पोरीनं सकाळपासून खपून पातेलंभर पालकाचा भात केला. ऑलिव्ह तेलात कांदा, ढीगभर पालक, तांदूळ, लिंबू आणि मूठभर शेपू. ग्रीकांचा हा घरोघरचा भात, थोडा निवला की खायचा. वर झाकण ठेवून ती साडी नेसायला गेली.

सुलेखानं चमचाभर चाखला आणि कपाळाला हात लावला. "अगं, हे आजाऱ्याचं जेवण! त्यात शेपू! पाहुण्यांना असं फिकं कसं वाढायचं?"

मी तरी गप्प बसावं की नाही? मी म्हटलं, "वरून फोडणी दे, कुणाला कळतंय!"

झालं. मोहरी, लसूण, हिंग, चार सुक्या मिरच्या. चर्र आवाज झाला आणि बघतो तर कॅली जिन्यात उभी.

भात चाटूनपुसून संपला. "सुलेखा, काय फक्कड झालाय गं!" जो तो म्हणत होता. "छे, कॅलीनं केलाय," एवढं तरी या बाईनं म्हणावं! नुसती हसली. कॅलीही हसली. पण त्या दिवसानंतर तिनं सासूच्या ओट्याला हात लावला नाही. यायची, जेवायची, भांडी आवरायची, गोड बोलायची. आम्ही अर्विंगला तिच्या घरी गेलो तर जेवण बाहेरून मागवायची. "कॅली, आज तू कर ना काहीतरी," सुलेखानं शंभरदा म्हटलं असेल. "नको आई, तुमचंच छान असतं."

"या मुलींना स्वयंपाकाची आवडच नाही," असं सुलेखा सगळ्यांना सांगायची. मीही मान डोलवायची.

या मार्चमध्ये कॅलीची आजी गेली. याया म्हणायची ती तिला. राज फोनवर सहज बोलून गेला, "तुझ्याकडे तो भात करताना कॅलीनं यायाला तीन वेळा कॉल केला होता, आई. नर्व्हस होती ना." सुलेखा तशीच घरातल्या चपलांवर माझ्याकडे आली आणि सोफ्यावर बसून ढसाढसा रडली. "तीनदा गं, मीनाक्षी! आणि मी त्यावर मिरच्या ओतल्या."

मग शिकागोला विहीणबाईंना फोन करून तिनं सगळं लिहून घेतलं. पहिला भात गिच्च गोळा झाला. दुसऱ्या वेळी हात आपोआप मोहरीकडे गेला, तेव्हा मीच तिचा मिसळणाचा डबा उचलून माझ्या घरी आणला. पाचव्यांदा जमला. तिला एवढंच हवं होतं: कॅलीनं एकदा परत आपल्या ओट्यापाशी उभं राहावं आणि स्वतःला हवं ते, हवं तसं करावं.

हायवेवर गाडी घालायला सुलेखा घाबरते, म्हणून गेल्या शनिवारी मीच ड्राइव्ह करून तिला अर्विंगला नेलं. वाटभर पातेलं मांडीवर.

राज घरी नव्हता. कॅलीनं पातेलं टेबलावर ठेवलं, तेव्हा सुलेखानं पाठ केलेलं बोलायला घेतलं, "कॅली, त्या दिवशी मी फार चुकले..." तेवढ्यात पाच वर्षांच्या अनयानं, म्हणजे सुलेखाच्या नातीनं, झाकण काढून घास घेतलासुद्धा. तोंड वाकडं झालं. "आजी, यू फरगॉट द फोडणी! ममा ऑल्वेज पुट्स फोडणी."

कॅली ओशाळून म्हणाली, "राजला त्या दिवशी तो खूप आवडला होता ना, आई. तसाच कर म्हणाला. मग तसाच करत राहिले."

तिनं चमचा घेतला, एक घास खाल्ला आणि बराच वेळ चावत राहिली. "यायाचा असा होता," ती म्हणाली. "आय हॅड फरगॉटन. मी विसरलेच होते." आणि पोर उभ्या उभ्या रडायला लागली.

सुलेखानं तिला जवळ घेतलं. "येत्या रविवारी माझ्याकडे ये. तू कर, मी मध्ये बोलणार नाही. शप्पथ."

कॅलीनं मान हलवली. "आता मला असा येणार नाही, आई. तुम्हीच करा. मी बघते."

परतताना निम्म्या रस्त्यात सुलेखा म्हणाली, "मला वाटत होतं, माझं एका दुपारचं चुकलंय."

सात वर्षं मनात ठेवलेलं मी शेवटी बोलले, "फोडणी दे, असं मी म्हटलं होतं गं."

"हो," ती म्हणाली, "पण हात माझा होता."