दोरा कुठं बांधू?

आमच्या शाळेच्या कार्यालयात कॉम्प्युटरची जोडणी करायला येणारे गृहस्थ प्रत्येक वायरीला चादरीच्या मागावरचा रंगीत दोरा बांधत. प्रिंटरला लाल, स्कॅनरला हिरवा, हजेरीच्या यंत्राला पिवळा. त्या रंगांची यादी मी भिंतीवर लावली होती, त्यामुळे निसटलेली वायर शिपाईबाईसुद्धा ओळखत.

मी पासवर्ड टाकू लागले की ते भिंतीकडे तोंड करून उभे राहत.

"बघितलंत तर काय होतंय?" मी एकदा म्हटलं.

"उद्या काय गेलं तर पहिलं नाव माझंच येतंय की, मॅडम."

यंदा सगळी यंत्रं बिनवायरीची आली. शिपाईबाईंनी बटण दाबलं आणि प्रिंटर जोडला गेला. जोडणीवाल्यांना बोलवायचं, ही माझ्या वहीतली नोंद मी खोडली.

सोमवारी ते आपणहून आले आणि टेबलाखाली वाकले.

"वायरी कुटं हायत?"

"आता लागत नाहीत."

दोऱ्याची गुंडी त्यांच्या हातातच राहिली. "मग दोरा कुटं बांधू?"

"सोताच्या बोटाला बांधा की!" शिपाईबाई हसल्या.

"चारच शाळा हुत्या माज्याकडं," ते मला म्हणाले. "तीन शाळांनी आदीच नको म्हटलं."

आलाच आहात तर स्कॅनर बघून जा, मी म्हटलं. कॉम्प्युटरने पासवर्ड मागितला, तसे ते भिंतीकडे वळले. समोर माझी रंगांची यादी होती.

"झालं," मी म्हणाले.

मी पुन्हा म्हणाले, "झालं हो."

ते वळले नाहीत.