घड्याळ लावून शोधलेली वधू

आता हसायचं तर आधीच हसून घ्या, कारण हा किस्सा सांगताना माझे कान अजून तापतात.

मी नववीत शाळा सोडलेली. ठाण्यात खोपटला एका छोट्या ऑफिसात डेटा एंट्री करायचो. डोंबिवलीत विवाह मंडळ चालवणाऱ्या सुलभाताईंसाठी आमचे सर स्थळं जुळवणारा प्रोग्राम करत होते. सगोत्र नको, वयात फार अंतर नको, असले नियम. तेच नियम सरांनी दोन भाषांत लिहिलेले. एकीत नियम आपणहून सगळ्या नोंदींवरून फिरतात. दुसरी लॉजिकची, तिला प्रश्न विचारायचा, ती उत्तर शोधते.

"कुठली फास्ट ते तू मोज," सर म्हणाले. "नीट केलंस तर पुढच्या महिन्यापासून तुला प्रोग्रामिंगला बसवतो."

प्रोग्रामिंगला! मला! दोन घास जास्तच जेवलो त्या दिवशी.

मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं. मुलगा एक, मुली दोनशे. पहिल्या भाषेने अकरा सेकंद घेतले आणि ही भलीमोठी यादी ओतली. आणि दुसरी? एंटर दाबलं, नाव हजर! एकच नाव. केतकी. म्हटलं, काय हुशार आहे हो! नेमकी योग्य तीच निवडली! नावापुढे कर्सर लुकलुकत होता, पण अजून काही दाबायचं का, हे सरांना विचारायला लाजलो.

"एवढा फरक?" सर म्हणाले.

"हो सर. तीनदा मोजलंय."

दुसऱ्या दिवशी सुलभाताई आल्या. सरांनी माझ्या भरवशावर दुसरी भाषा लावली. पहिला मुलगा: केतकी. "वा!" ताई खूश. दुसरा: केतकी. तिसरा: केतकी. चौथ्याला मी डोळेच मिटले.

"अहो, स्वयंवर मांडलंय का? चार नवरदेव आणि मुलगी एकच?" ताई सरांना म्हणाल्या.

सरांनी अर्धविरामाचं बटण दाबलं. दुसरं नाव आलं. पुन्हा दाबलं. तिसरं!

"अरे गाढवा, ही पहिलं उत्तर सापडलं की थांबते! केतकी यादीत सगळ्यात वर आहे. बाकीच्या मागितल्यास कुठे तू?"

मग तिथेच सगळी नावं काढायला लावून मोजलं. चोवीस सेकंद! माझी विजेती सपशेल आपटली.

मी मान खाली घालून उभा.

"बस प्रोग्रामिंगला," सर हसू दाबत म्हणाले. "ही चूक तरी जन्मात परत करणार नाहीस."

सुलभाताईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "लग्न झालंय का रे तुझं?"

"नाही काकू."

"मग माझ्याकडे नाव घालायला एकटा येऊ नकोस हो, आईला घेऊन ये! तू पहिलीच मुलगी बघून घड्याळ बंद करशील!"