रेषेच्या आतला श्वास

माणसं काम करून दमतात. दमताईला पगार मिळायचा तो दम धरून ठेवण्याबद्दल. हे ती स्वतःच सांगायची, नव्या माणसाला पहिल्याच दिवशी, आणि तो हसला की मगच त्याला चहा मिळायचा.

टेकडीवरच्या त्या केंद्रात हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजतात. दहा लाख कणांमागे किती, इतक्या बारकाईने. आत खोलीत एक यंत्र उंच खांबावरून हवा ओढून रात्रंदिवस मोजत बसलेलं असतं. शिवाय आठवड्यातून दोनदा काचेच्या दोन बाटल्यांत बाहेरची हवा भरून मुख्य प्रयोगशाळेला पाठवतात आणि तिथे ती वेगळ्या यंत्रावर मोजली जाते. दोन्हीकडचे आकडे जुळले की सगळे निर्धास्त. यंत्र सांभाळायचा मिस्त्री, आणि बाटल्या भरायची दमताई. मिस्त्रीने जन्मात विटेवर वीट ठेवली नव्हती, पण हातात सतत पाना असे म्हणून त्याला ते नाव पडलं होतं.

बाटलीत हवा भरायची, त्यात काय मोठंसं, असं कुणालाही वाटेल. पण माणूस जो श्वास बाहेर टाकतो त्यात बाहेरच्या हवेच्या शंभरपट कार्बन डायऑक्साइड असतो. बाटल्या भरायच्या नळीच्या तोंडाशी कुणी नुसतं "अगं बाई" म्हटलं, तरी त्या बाटल्यांचा निकाल लागला. म्हणून नळीपासून पंधरा पावलांवर जमिनीवर एक पांढरी रेषा आखलेली होती. रेषेबाहेर खोल श्वास घ्यायचा, तो रोखून आत जायचं, पंप सुरू करायचा, दाबाचा काटा लाल खुणेवर येईपर्यंत जवळच उभं राहायचं, बाटल्यांच्या तोट्या बंद करायच्या आणि परत रेषेबाहेर आल्यावरच श्वास सोडायचा. सगळे मिळून पंचावन्न सेकंद.

चोवीस वर्षांपूर्वी मुलाखतीत जुन्या प्रमुखांनी तिची प्रमाणपत्रं बाजूला सारली आणि समोर घड्याळ ठेवलं. तिच्याआधी आलेले दोन बाप्ये चाळीस सेकंदांत लालबुंद होऊन खोकत बाहेर पडले होते. ती एक मिनिट पन्नास सेकंद बसली, आणि तीही खिडकीबाहेर बघत. लहानपणी आई रागावली की ती श्वास रोखून बसायची आणि सगळं घर हवालदिल करायची. ती खोड अशी कामी आली. तेव्हापासून ती दमताई. तिच्या आद्याक्षरांची चिठ्ठी लावलेल्या हजारो बाटल्या टेकडीवरून खाली गेल्या, आणि एकही नापास होऊन परत आली नाही. याचा तिला अभिमान होता. तो ती लपवतही नसे.

दोन वर्षांपूर्वी तिला न्यूमोनिया झाला. वीस दिवस अंथरुणात काढले. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं पूर्वीसारखी व्हायला वेळ लागेल, कदाचित होणारही नाहीत. तिने हे घरी नवऱ्याला सांगितलं आणि केंद्रात कुणालाच सांगितलं नाही. कामावर आली त्या पहिल्या दिवशी अडतिसाव्या सेकंदाला छातीत कुणीतरी मूठ आवळली. काटा अजून खुणेच्या खाली होता. तिने तोंड फिरवलं आणि नाकातून हळूच श्वास सोडला, चोरासारखा. वारा जोरात होता. घेऊन गेला असेल तो, असं तिने स्वतःला समजावलं.

तिची एक वही होती. तारीख, वेळ, वारा, तापमान असं ती रोज त्यात लिहायची. हे केंद्राचं काम नव्हतं, तिची सवय होती. त्या दिवशी ओळ लिहून झाल्यावर तिने कडेला एक बारीक ठिपका काढला. का काढला, ते तिने स्वतःला विचारलं नाही. पुढच्या खेपेला पुन्हा तसंच झालं, पुन्हा ठिपका पडला. मग तो पडतच गेला.

आणि एका मंगळवारी सकाळी मुख्य प्रयोगशाळेचा शास्त्रज्ञ एक आलेख घेऊन वर आला.

तो पस्तिशीचा, सज्जन, हळू बोलणारा माणूस होता. त्यामुळे तो जे सांगत होता ते जास्तच लागत होतं. त्याचं म्हणणं असं, की गेली दोन वर्षं केंद्रातलं यंत्र बाटल्यांपेक्षा कमी दाखवतंय. फरक फार नाही, दहा लाखांत जेमतेम अर्धा-पाऊण कण. पण हवेतलं प्रमाण वर्षाकाठी वाढतं तेच मुळी दोन-तीन कणांनी, तिथे अर्धा म्हणजे काय थट्टा आहे? बाटल्यांवर संशय घ्यायला जागा नव्हती. कारण दोन्ही बाटल्यांचे आकडे दर वेळी एकमेकांशी तंतोतंत जुळत होते. तेव्हा यंत्राचे दोन वर्षांचे सगळे आकडे वर उचलून बाटल्यांशी जुळवायचे, यंत्र मोडीत काढायचं आणि देखभालीसाठी बाहेरचा माणूस नेमायचा, असा प्रस्ताव त्याने तयारच आणला होता. गुरुवारी त्यावर तिघांच्या सह्या हव्या होत्या. बाटल्या नियमाप्रमाणे भरल्या गेल्या, या ओळीखाली दमताईची.

मिस्त्री काळवंडला. फरकाबद्दलचं पहिलं पत्र आलं तेव्हापासून त्याने नळ्या बदलल्या होत्या, गळती शोधली होती, सुट्टीच्या दिवशी येऊन यंत्र खोलून पुन्हा जोडलं होतं, आणि काहीही सापडलं नव्हतं. "माझं यंत्र खोटं बोलत नाही," एवढंच तो दोनदा म्हणाला. शास्त्रज्ञाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा तो हात झटकून बाहेर निघून गेला.

दमताई आलेखाकडे बघत राहिली. दोन रेषा वर्षानुवर्षं एकीवर एक चालत आल्या होत्या आणि एका हिवाळ्यात वेगळ्या झाल्या होत्या. तो हिवाळा कोणता, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. दोन बाटल्या एकमेकींशी जुळतात, खरंच आहे; पण त्या भरतात एकाच नळीतून. एकाच घरातले दोन साक्षीदार आणल्यासारखं ते होतं. तिने एक कागद घेतला आणि आलेखावरच्या तारखा उतरवायला लागली.

बुधवारी संध्याकाळी तिने स्वयंपाकघरात नवऱ्याला समोर बसवलं. तो बस डेपोत गाड्यांच्या वेळा लिहायचा, आता निवृत्त. स्टॉपवॉच मात्र अजून खिशात घेऊन फिरे. ती म्हणाली, मोजा. पहिल्यांदा एकेचाळीस भरले, दुसऱ्यांदा सदतीस, तिसऱ्यांदा चौतीस. चौथ्यांदा त्याने घड्याळ खिशात टाकलं आणि मोजायला नकार दिला. मग तिने वही पुढे ठेवली. आलेखावरून तिने उतरवून आणलेल्या तारखा आणि वहीतला वारा दोघांनी मिळून ताडून पाहिला. वारा होता त्या दिवशी फरक नाही. वारा पडला आणि ठिपका आहे, त्या दिवशी बाटल्यांचा आकडा चढलेला. अपवाद शोधून सापडला नाही.

नवरा बराच वेळ पानं उलटत होता. तो व्यवहारी माणूस, आणि बायकोवर त्याचा जीव. त्याने वही मिटली आणि म्हणाला, "उद्या सांगून टाक, आजारपणात दम कमी झाला, माझ्या लक्षात आलं नाही. चुकीला माफी असते. पण ही वही नेऊ नकोस. या ठिपक्यांचा अर्थ एकच होतो."

"मला माहीत होतं, असा."

"हो. तसा."

"आणि वही नाही नेली, तर आधीच्या बावीस वर्षांचं काय? ते म्हणतील, कधीपासून सुटत होता श्वास, हिला तरी कुठे ठाऊक आहे? सगळंच टाकून द्या."

दमताईला त्या घटकेला नवऱ्याचा फार राग आला, कारण तो बरोबर बोलत होता. आणि त्याहून जास्त स्वतःचा, कारण वही घरी ठेवावी असं तिलाही मनापासून वाटत होतं. आयुष्यभर लोकांना तिने एकच सांगितलं होतं, की आकड्याला लाज नसते. माणसाला असते, हे सांगायचं राहून गेलं होतं.

गुरुवारी सकाळी वारा मेलेला. टेकडीवर गवताचं पातं हलत नव्हतं. शास्त्रज्ञ म्हणाला, सह्यांच्या आधी एक जोडी माझ्यासमोर भरून दाखवा, म्हणजे कागद पुरा होईल. मिस्त्री दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, दोन दिवस न झोपल्यासारखा. दमताईने पेटीत दोनऐवजी चार बाटल्या ठेवल्या.

रेषेवर उभी राहून तिने श्वास घेतला आणि आत गेली. पंप सुरू झाला. वीस. पंचवीस. काटा हळूहळू चढत होता. तीस. छातीत मूठ आवळायला लागली. रेषेपलीकडून दोघं बघत होते, एकाच्या हातात पेन, दुसऱ्याच्या हातात काहीच नाही. अजूनही सुटका होती. तोंड फिरवलं असतं तर नेहमीप्रमाणे कुणालाही कळलं नसतं. छत्तिसाव्या सेकंदाला तिने तोंड फिरवलं नाही. त्यांच्याकडे बघत, नळीशेजारी, त्यांना दिसेल असा तिने श्वास सोडला. मग काटा खुणेवर आल्यावर तोट्या बंद केल्या आणि सावकाश चालत परत आली.

शास्त्रज्ञाला वाटलं चुकून झालं. तो म्हणाला, हरकत नाही ताई, पुन्हा भरा.

"पुन्हा मिस्त्री भरेल," ती म्हणाली. "तो धडधाकट आहे. दोन्ही जोड्या आत्ताच त्याच्या यंत्रावर लावा. यंत्र खरं की खोटं, ते बाजूला ठेवा. एकाच यंत्रावर, एकाच तासात, दोन्हींत फरक किती पडतो तेवढंच बघा."

मिस्त्रीने दुसरी जोडी भरली. बावन्न सेकंद, आणि बाहेर आल्यावर गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत उभा राहिला. खोलीत चौघं मिळून, म्हणजे तिघं आणि ते यंत्र, पाऊण तास बसून होते. पडद्यावर पहिल्या जोडीचा आकडा आला, मग दुसऱ्या. पहिली जोडी सव्वा कणाने वर होती.

शास्त्रज्ञाने चष्मा काढून पुसला. मग त्याने तोच प्रश्न विचारला, ज्याची ती दोन दिवस वाट बघत होती. हे कधीपासून, आणि त्याआधीच्या बाटल्यांवर तरी विश्वास कसा ठेवायचा? आवाज चढलेला नव्हता. लक्षात आलं नाही, एवढे तीन शब्द तिच्या ओठांपर्यंत आले होते.

तिने पिशवीतून वही काढली.

"जिथे ठिपका आहे, तिथे श्वास सुटलाय. ठिपका नाही, तिथे नाही सुटला. पहिला ठिपका आजारपणानंतरचा आहे. त्याच्या मागे बावीस वर्षं एकही नाही. बघून घ्या."

शास्त्रज्ञ पानं उलटायला लागला. मिस्त्री पुढे आला आणि त्याच्या खांद्यावरून वाचायला लागला. तिला वाटत होतं, तो आता हसेल. यंत्र सुटलं होतं, तो सुटला होता. तो हसला नाही. एका पानावर त्याने बोट ठेवलं.

"हा सोमवार," तो म्हणाला. "आदल्या दिवशी, रविवारी, मी इथे यंत्र खोलून बसलो होतो. पोरीचा वाढदिवस होता. तू मला विचारलंस, काही सापडलं का मिस्त्री? आणि सोमवारी ठिपका काढलास."

तिने होकारार्थी मान हलवली. रडू येत होतं, पण रडायचा हक्क आपला नाही असं तिला वाटलं, म्हणून ती उभीच राहिली.

निकाल महिन्याभराने आला. ठिपक्यांच्या एकशे त्रेचाळीस जोड्या रद्द. आधीच्या बावीस वर्षांची नोंद कायम. यंत्राचे आकडे जसेच्या तसे. दमताईला लेखी समज, आणि बाटल्यांचं काम काढून मिस्त्रीकडे. तिने फक्त रेषेबाहेर उभं राहून सेकंद मोजायचे आणि नोंद ठेवायची. तिच्या वहीची प्रत प्रयोगशाळेने मागून घेतली. मूळ वही तिला परत आली.

मिस्त्री तिच्याशी बोलेनासा झाला. बाटल्या भरायच्या दिवशी ती मोठ्याने आकडे म्हणायची आणि तो ऐकायचा, एवढाच काय तो दोघांमधला संवाद. चहा तो आपला आपण करून घेई. तिने माफी मागायचा एकदा प्रयत्न केला, तर त्याने पाना उचलला आणि आत गेला. अशा चार महिन्यांत ती वाळून अर्धी झाली. नवरा म्हणाला, नोकरी सोड. ती म्हणाली, सोडली तर माफीचे ते चार शब्द कधीच बोलले जाणार नाहीत.

मग पुन्हा एक बिनवाऱ्याची सकाळ आली. मिस्त्रीला दोन दिवस सर्दी होती, पण तो आत गेला. ती रेषेवरून मोजत होती. त्रेचाळीसला त्याची पाठ किंचित हलली, इतकी किंचित की तिच्याशिवाय कुणाला कळली नसती. ती मोजत राहिली. तो तोट्या बंद करून परत आला, पेटी खाली ठेवली आणि रुमालात शिंकला. चिठ्ठीवर तारीख घालायला त्याने पेन काढलं. मग तसंच खिशात ठेवलं.

"त्रेचाळीसला सुटला," तो म्हणाला. चार महिन्यांतलं पहिलं वाक्य. "वही आण. ठिपका काढ."

तिने वही उघडली नाही.

"ठिपका नको," ती म्हणाली. "बाटल्या रिकाम्या कर. तू जरा बस, नाक शिंकर, मी चहा आणते. मग पुन्हा भरू."

तो रेषेबाहेरच्या दगडावर जाऊन बसला. तिने दोन कप आणले.