डोईवर घागर घेऊन दवाखान्यात

बहात्तरच्या दुष्काळात हरणाबाईची लेक खडी केंद्रावर हगवण लागून गेली. तिला पुरून आल्यावर दुसऱ्या दिवशी हरणाबाई परत खडी फोडायला बसली. बायका म्हणाल्या, "रड गं हरणे, मोकळी हो." रडू आलं नाही. तेव्हापासून कशाचंच काही वाटलं नाही.

पुढं लोहाऱ्याकडं एका संस्थेनं वेड्याबागड्या, बेवारस माणसांसाठी आश्रम काढला. हरणाबाई तिथं राबायला लागली. भरवायचं, न्हाऊ घालायचं, हागलं-मुतलं काढायचं. कुणी चावलं, झिंज्या उपटल्या, तरी बाई हूं की चूं करायची नाही. लोक म्हणायचे, लई मायाळू बाई. तिला मात्र ठाऊक होतं, मायाबिया काही न्हाय, आपल्याला नुसतं लागत न्हाय.

तिथंच शिवलिंगप्पा होता. कानडी मुलखातला, पंचविशीचा, अंगानं रेड्यासारखा. दुष्काळात कुणीतरी त्याला एसटी स्टँडवर सोडून गेलं होतं. बोलणं नाही, आणि कुणी हात लावला की भिंतीवर डोकं आपटायचा. एका उन्हाळ्यात त्याचा डावा डोळा लाल झाला, मग पू यायला लागला. आश्रमाचे व्यवस्थापक नानासाहेब. त्यांनी जीप आणवली, चौघांनी दोरानं बांधून त्याला दवाखान्यात नेलं. दारातच त्यानं दोराला हिसडे मारून तो सोडवला, कंपाउंडरला लोळवलं, बाकडी उलथली.

"असा आणू नका," डॉक्टर म्हणाले. जीप तशीच माघारी आली. त्यानंतर नुसता दोर दिसला तरी तो किंचाळायचा. डोळ्याचं तसंच राहिलं.

त्यातच आश्रमाची विहीर आटली. हरणाबाई डोईवर घागर घेऊन मळ्याकडं निघाली, तर मागं पावलं वाजली. बघते तर शिवलिंगप्पा. एरवी फाटकाबाहेर पाय न टाकणारा हा माणूस घागरीवर नजर लावून मुकाट चालत होता. "नीरू," तो पुटपुटला. पाणी. रोज तो असाच यायला लागला. ल्हानपणी आईमागं असाच जात असंल पाण्याला, असं तिच्या मनात आलं, आणि तिथंच थांबलं.

ती नानासाहेबांकडं गेली. "साहेब, म्या नेते त्याला दवाखान्यात. जीप नको, दोर नको."

"आणि चावला म्हणजे?"

"चावू द्या."

एसटीत कंडक्टर हसला, "रिकामी घागर घेऊन कुठं निघालात, बाई?"

"दवाखान्यात."

शिवलिंगप्पा घागरीचा काठ धरून वाटभर उभा राहिला. दवाखान्यात हरणाबाई घागर डोईवर ठेवून रांगेतून चालली, मागं तो. लोक सरकून बघत राहिले. आत तिनं घागर भुईवर ठेवली, तो तिच्याशेजारी बसला. तेच डॉक्टर होते. तेही खाली बसले, बॅटरी पेटवली. उजेड पडताच शिवलिंगप्पानं हात उगारला. हरणाबाईनं आपलं मनगट त्याच्या तोंडापुढं धरलं. त्यानं दात रोवले. तेवढ्यात डॉक्टरांनी डोळा बघून घेतला.

"डावा गेला, बाई. पहिल्या खेपेला बघता आला असता तर वाचला असता." त्यांनी बॅटरी विझवली. "आता काढावाच लागेल. नाहीतर उजव्यालाही धोका."

"काढा."

"तुमच्या हाताला रक्त येतंय."

तिनं मनगटाकडं बघितलं. दुसऱ्याच कुणाचा हात असावा तसं.

भूल देऊन डोळा काढला. पट्टी सुटेपर्यंत हरणाबाई त्याच्या खाटेशेजारी घागर ठेवून बसून राहिली. उजवा डोळा वाचला. परतल्यावर नानासाहेब म्हणाले, "हरणाबाई, लई मोठं काम केलंत." तिला बरं वाटायला हवं होतं. तिनं चूल पेटवली.

मग कुणालाही दवाखान्यात न्यायचं झालं की तिलाच हाक येऊ लागली. आश्रमातल्याच रुद्रम्माची फेफरं वाढली होती आणि ती उंबरा ओलांडत नसे; ओढलं तर अंगावरचं लुगडं फाडी. हरणाबाई सकाळीच सूप आणि तूर घेऊन तिच्याशेजारी उंबऱ्यावर जाऊन बसली. दुपारपर्यंत ती तूर निवडत राहिली. मग रुद्रम्मानं सुपातले खडे वेचायला हात घातला. हरणाबाईनं सूप जरा उंबऱ्याबाहेर सरकवलं.