नूरची फाईल

आमच्या मोफत कायदा मदतीच्या खोलीत दोन गोष्टींना कमी न्हाई, चहा आन् किस्से! फायली निकाली निघतात, किस्से काय निघत न्हाईत. एका नूरच्याच फाईलचे किती सांगू! नऊ वर्षांची पोरगी, बर्मातून जीव वाचवून आलेली, बीदर स्टेशनावर एकटीच सापडली. नौबादच्या निर्मलाक्का तिच्या वकील, आन् मी त्यांच्या मागं फायली घेऊन पळणारी सुनंदा.

*

पहिल्याच दिवशी तिचा फॉर्म भरायला बसले. नाव, गाव, तालुका, जिल्हा. बारा वर्षं हेच भरायलेय, हात आपोआप चालतो. अक्कांनी कागद वाचला आन् चष्मा काढला.

"सुनंदा, बर्माची पोरगी चिटगुप्पा तालुक्यातली कधी झाली गं?"

माझाच तालुका लिहून बसले होते की! खोडलं. पण खरं सांगते, खोडताना जिवावर आलं.

*

नूरची भाषा कुणालाच येईना. शेवटी हैदराबादेत राहणाऱ्या, तिच्याच मुलखातल्या एक खाला फोनवर सापडल्या. नूर त्यांच्याशी बोलायची, खाला मला दखनीत सांगायच्या, मी ते बाल कल्याण समितीच्या मॅडमना कन्नडात सांगायची. प्रश्न याच वाटेनं उलटा जायचा.

एकदा मॅडमनी विचारलं, "इथं काही त्रास?" प्रश्न गेला, उत्तर आलं, मी कन्नडात मांडायला लागले, तोवर नूरला ठेवलं होतं त्या बालगृहाच्या स्वयंपाकीण काशीबाई ताट घेऊन आत!

"अवो, कवापासून पोटावर हात ठेवून बसलंय लेकरू! तुमचं काय चाललंय?"

खालांनी तेच सांगितलं होतं, भूक लागलीय म्हणून. काशीबाई हायत म्हणून आमचं निभतंय, बघा.

*

मग एक दिवस नूरचा चाचा आला. हातात चॉकलेटचा डबा, डोळ्याला रुमाल. असा रडला की मलाच हुंदका आला, मी उठून पाणी दिलं त्याला! अक्कांनी मात्र खिडकीतून अंगणात खेळणाऱ्या पोरी दाखवल्या.

"यातली तुमची कोणती?"

"वो! वो मेरी बच्ची!"

ती काशीबाईंची लेक मंजुळा, सुट्टीला आलेली! ती खिडकीशी येऊन म्हणाली, "कोण वो हा मामा?"

पोलिसांनी त्याला गेटवरच धरला. आम्ही पोट धरून हसलो, आन् मग माझ्या मनात आलं, अक्का नसत्या तर? अजूनबी देवापुढं दिवा लावताना त्यांचं नाव घेते मी.

*

खालांनी मोहल्ल्यामोहल्ल्यात विचारून नूरची खरी मावशी शोधून काढली. आई-बाप तिकडंच वारले, मावशीच तिला घेऊन आली होती, आन् स्टेशनावरच्या गर्दीत दोघींची ताटातूट झाली. आम्ही मावशीचं घर बघून आलो, शेजारी चांगलं बोलले. पण नातं दाखवायला कागद न्हाई, एक फोटो न्हाई.

मॅडम म्हणाल्या, "निर्मलाक्का, मागचा माणूस कसा रडला होता, विसरलात व्हय? आज खात्री पटली न्हाई तर पोरगी बंगळूरच्या बालगृहात जाईल. मला इलाज न्हाई."

मावशीला आत बोलावलं. आमचा जीव टांगणीला लागलेला. बाई रडली न्हाई. नूरकडं बघून कायतरी कडाडली! आन् दोन महिने कुजबुजत बोलणारी आमची नूर ताडकन उठली, तिच्याहून मोठ्यानं ओरडली. मावशीनं एक बोलावं, हिनं दोन!

"अय्यो, भांडायल्यात कामून?" मॅडम घाबरल्या. "सुनंदा, खालांना विचार!"

फोनवर खाला हसायल्यात का रडायल्यात, कळंना.

"मौसी बोलरी, भीड में तू हात छोड़ दी. बच्ची बोलरी, मैं नै छोड़ी, तू छोड़ी."

मॅडमनी फाईल पुढं ओढली आन् मावशीच्या नावानं ऑर्डर लिहायला घेतली. त्या दोघी भांडतच होत्या!