सत्तावीस नंबरचं घर

पृथ्वी नीट आखलेली नाही याचं मनापासून दुःख झालेला एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो नेमका माझा चुलत सासरा निघाला. आम्ही त्यांना काकाजी म्हणत असू. नोकरीची सारी वर्षं त्यांनी मोजणी खात्यात साखळी ओढली. साहेब झाडाखाली बसून नकाशा काढायचे आणि काकाजी उन्हातान्हात, काट्याकुट्यांतून लोखंडी साखळी पसरत जायचे. निवृत्त झाले तेव्हा खात्यानं मोडीत काढलेली एक साखळी ते मागून घरी घेऊन आले. लोक म्हातारपणी जपमाळ ओढतात, काकाजी साखळी ओढत राहिले. त्यांचं म्हणणं एवढंच, की जगातली सगळी भांडणं शेताच्या बांधावर, म्हणजे त्यांच्या बोलीत धुऱ्यावर, जन्माला येतात. "अर्धी जिंदगी लोकायचे धुरे मोजन्यात गेली," ते सांगायचे. "हातभर मातीपायी भाऊ भावाले वळखत नाई. धुराच नसन, तं भांडन कायचं?" भांडण माणसाच्या पोटात असतं असं कुणी म्हणालंच, तर ते त्याच्याकडे शाळेत नापास झालेल्या पोराकडे पाहावं तसं पाहायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागायचे.

माझी त्यांची ओळख माझ्या लग्नातच झाली, आणि ती विसरता येण्यासारखी नव्हती. पंगत सरळ रांगेत बसली की कुणी वर बसतो, कुणी खाली बसतो, तिथूनच समाज नासतो, म्हणून त्यांनी साखळीनं मापून गोल पंगत आखली होती. "गोलाले ना मुंडकं ना शेपूट. सांगा, आता पहिला कोन?" हा प्रश्न बिनतोड होता, पण त्यामुळे जेवायला सुरुवात कुणी करायची हेच ठरेना. शिवाय शेवटचं पान मांडलं गेलं तेव्हा वरणाची बादली घेतलेला वाढपी गोलाच्या आत राहिला. भरल्या पानांवरून पाय टाकून बाहेर कसा पडणार? तो बिचारा आतल्या आत फिरत राहिला. आमच्या वडिलांच्या पानात चार वेळा वरण पडलं आणि भात शेवटपर्यंत बाहेरच राहिला. वडील नुसतं वरण पिऊन उठले. काकाजी मात्र जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "जवाईबुवा, दार ठेवाचं राह्यलं. पुढच्या लग्नात ठेवू."

पुढे मी केनवडच्या शाळेत मास्तर झालो आणि त्यांचं खेडं तिथून जवळच असल्यामुळे दर बाजाराला भेट होऊ लागली. बाजारातले किराणावाले जैन शेटजी त्यांचे लाडके श्रोते होते. आदर्श गावात दुकानदार खाली बसेल आणि गिऱ्हाईक गादीवर, असं काकाजींनी त्यांना सांगितलं तेव्हा शेटजींनी हसून गादी मोकळी करून दिली. काकाजी तासभर गादीवर बसले. गूळ मागायला आलेल्या प्रत्येकाला त्यांनी आपलं गाव समजावून सांगितलं. शेटजींनी त्यानंतरही त्यांना बसायला बोलावलं, पण बाजाराच्या दिवशी नाही.

ते गाव त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं. सगळ्या घरांची दारं चौकाकडे. चौकात लिंबाचं झाड. विहिरीला चारी बाजूंनी पायऱ्या, म्हणजे अमक्यानं इकडून भरायचं आणि तमक्यानं लांब उभं राहायचं ही भानगडच नको. अंगणाच्या भिंती कमरेएवढ्या. "भाजीत मीठ कमी पडलं तं शेजारनीले दिसलं पाह्यजे," ते म्हणायचे. मीठ कसं दिसेल, असं मी एकदा विचारलं. "मीठ नाई दिसत, जवाईबुवा. पन जेवनाऱ्याचं तोंड तं दिसते." तेव्हा स्वातंत्र्य नवं होतं. जो तो काहीतरी नवं बांधायच्या गोष्टी बोलत होता. पण बोलून झाल्यावर चुन्याची पोती घेऊन स्वतःच्या चार एकर वावरात उतरलेला माणूस मी हा एकच पाहिला.

त्या उन्हाळ्यात त्यांनी सबंध गाव चुन्यानं जमिनीवर काढलं. रस्ते, चौक, चाळीस घरं, प्रत्येक घराला नंबर. मधोमध लिंबाचं रोप लावलं. मग चिठ्ठ्या घागरीत टाकून सोडत काढली. वैशाखात कुणाला काम नव्हतं, त्यामुळे मजा पाहायला म्हणून सगळं खेडं आलं आणि चिठ्ठी उचलून गेलं. मीही एक उचलली, सत्तावीस नंबरची. त्या दिवसापासून काकाजी लोकांना नंबरानंच हाक मारू लागले. "राम राम, एकोणीस! बरं हाय ना?"

आठवडा गेला नाही तोच तक्रारी सुरू झाल्या. एकोणिसाची रेघ कुणीतरी वीतभर सरकवली. बारा नंबरवाला तर तावातावानं सांगत आला, "तेरा नंबराच्या टिनावरचं पानी माह्या आंगनात पडून राह्यलं."

"अरे, पन टिन कोठी हाय?" काकाजींनी विचारलं.

"आज नाई. पन उद्या टाकन तो. मी वळखतो त्याले."

धुरा नसलेल्या गावात, घरं नसताना, पाऊस पडण्याआधी वळचणीच्या पाण्यावरून दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं. काकाजी पुन्हा साखळी घेऊन वाकले आणि रेघा सरळ करत बसले. काकी मात्र वैतागल्या. त्या बाईनं नवऱ्याच्या साखळीमागे आयुष्य काढलं होतं आणि वर्षाची ज्वारी त्या चार एकरांतून यायची. त्यांनी सरळ सांगून टाकलं, "मिरगापावतर एक घर उभं करून दाखवा. वावर तुमचं. नाई तं पेरनी होईन."

घर बांधायला एक माणूस तयार झाला. किसन. गावकुसाबाहेर राहायचा, चामड्याच्या मोटा शिवायचा. गावच्या विहिरीवर त्याला पायरी चढू देत नसत. त्याला अठ्ठावीस नंबर मिळाला होता. एके दिवशी तो चार खांब घेऊन आला, त्यानं खड्डे खणले आणि खांब रोवले. काकाजी संध्याकाळी माझ्या दारात उभे. "एका घराचं गाव होत नाई, जवाईबुवा. शेजार पाह्यजे. सत्तावीस तुमचा हाय."

सोडतीच्या घागरीला जात कळत नव्हती. मला कळत होती. मी भाड्याच्या खोलीत राहत होतो, मला घर हवंच होतं, चार गावांत समतेवर भाषणंही करत होतो. पण वडील काय म्हणतील, सासरे काय म्हणतील, उद्या बहिणीचं लग्न कसं जमेल, हे सगळं त्या एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं. मी म्हणालो, "पाहू." भल्या माणसाच्या 'पाहू'चा अर्थ काय असतो हे आयुष्यभर लोकांची जमीन मोजलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. त्यांनी पाणी मागितलं, प्याले आणि निघून गेले.

मृगाच्या आदल्या दिवशी किसननं आपले खांब आपणच उपटून नेले. पेरताना बैलांना अडचण नको, म्हणाला. दुसऱ्या दिवशी काकींनी पेरणी केली. तिफण चौकातून, रस्त्यांवरून, चाळीसही घरांतून फिरली. फक्त लिंबाच्या रोपाला काकींनी धक्का लागू दिला नाही.

मला वाटलं, आता काकाजी माझं तोंड पाहणार नाहीत. पण राग धरायची कलाच त्यांना अवगत नव्हती. मी गेलो की ते मला वावरात न्यायचे. लिंबापासून चाळीस पावलं मोजत उभ्या ज्वारीतून एका जागी थांबायचे, वहाणा काढून बाजूला ठेवायचे आणि मला म्हणायचे, "जोडे घालून काहून आत येता? घर हाय तुमचं." मी हसायचो, पण वहाणा काढत नसे. उगाच कुणी पाहिलं तर काय म्हणेल?

पाचसहा वर्षांनी आश्विनात काकाजी गेले. तेराव्याला मी गेलो होतो. जेवणं आटोपल्यावर पाय आपोआप वावराकडे वळले. त्या वर्षी काकींनी पऱ्हाटी पेरली होती, कापूस कमरेएवढा आला होता. लिंब चांगला उंच झाला होता. मी पावलं मोजत गेलो, चाळिसाव्या पावलाला थांबलो, इकडेतिकडे पाहिलं आणि वहाणा काढल्या.

"या, सत्तावीस," पऱ्हाटीतून आवाज आला.

किसन होता. वावरात कामाला यायचा आणि दुपारची भाकरी अठ्ठावीस नंबरात बसून खायचा, हे मला त्या दिवशी कळलं. त्याच्या वहाणाही बाजूला नीट काढून ठेवलेल्या होत्या. मी त्याच्याजवळ मातीत बसलो.

"लय उशीर केला," तो म्हणाला. रागानं नव्हे, घरी उशिरा आलेल्या माणसाला म्हणावं तसं.

मग त्यानं आपला पाण्याचा तांब्या माझ्यापुढे केला. या खेपेला मी इकडेतिकडे पाहिलं नाही. पाणी प्यालो.