रोडग्यांच्या पंगतीत चीज

लग्न होऊन या घरात आले त्याच्या दुसऱ्या हिवाळ्यापासून मी कांदे कापत आले आहे.

रोजचं म्हणत नाही मी. रोज मी जे शिजवते ते माझा नवरा प्रकाश मुकाट्याने खातो (बोलला तर दुसऱ्या दिवशीही तेच मिळतं, हे त्याला अनुभवाने ठाऊक आहे). मी बोलतेय ते रोडग्यांच्या जेवणाबद्दल. दर हिवाळ्यात आमचं सगळं खटलं उमरेड रोडवरच्या शेतात जमतं. गोवऱ्या पेटवायच्या, जाड कणकेचे गोळे निखाऱ्यांत भाजायचे, फोडून तुपात बुडवायचे आणि वांग्याच्या झणझणीत भाजीबरोबर हाणायचे! त्या दिवशी कोणाच्या हातात कोणतं काम आहे, त्यावरून आमच्या घरात बाईची पत ठरते. रोडगे आणि वांग्याची भाजी माझ्या मोठ्या जाऊबाईंकडे, म्हणजे मंदाताईंकडे. वरण सासूबाईंकडे. आणि माझ्याकडे कांदे, लिंबं आणि "मीठ घेतलं ना?" हे विचारणं.

याला कारण आहे. पहिल्या वर्षी नव्या सुनेचा मान म्हणून वरण माझ्याकडे दिलं होतं. त्या वरणाला खालून असा काही रंग आला, की पंगतीतल्या एका काकांनी ते वांग्याची भाजी समजून दोनदा मागून घेतलं. दुसऱ्या वर्षी माझ्यापुढे कांद्याचं पोतं ठेवण्यात आलं.

यंदा मात्र मी पेटून उठले. झालं काय, मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. एक गोड बाई पांढऱ्याशुभ्र ओट्यापाशी उभी राहून ताटलीत मऊ, साईसारखं चीज पसरते, त्यावर खरपूस भाजलेल्या आख्ख्या भाज्या मांडते, वरून मध आणि मिरचीचं तेल सोडते, घास खाते आणि डोळे मिटते! (त्या बाईच्या ओट्यावर एक डाग नव्हता. मला तिथेच संशय यायला हवा होता.) मी लगेच घरच्या ग्रुपवर टाकलं, 'यंदा एक भाजी माझ्याकडे.'

अंगठा उचलते न उचलते तोच नागपुरातच, जरीपटक्याला राहणाऱ्या मंदाताईंचा फोन.

"काय वं सुनंदा, तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे, ताई."

"मंग भाजी काहून करून राहिली?"

"नवीन प्रकार आहे ताई. चीजवर भाजलेल्या भाज्या."

पलीकडून अगदी काळजीच्या सुरात, "अन् कांदे कोण कापन?"

तेवढ्यात सासूबाईंनी फोन हिसकावला. त्या मंदाताईंकडेच राहतात आणि त्यांना सगळं ऐकू येतं, विशेषतः जे ऐकू येऊ नये ते. "करू दे वं तिले," त्या म्हणाल्या, "पण सुनंदा, एक ऐकून ठेव. जमली तं दरसाल तुले एक भाजी. फसली, तं मी एका शब्दानं बोलणार नाही. पण मंग जल्मभर कांदे!"

"मंजूर!" मी म्हणाले. अंगात काय संचारलं होतं देव जाणे.

प्रकाश कोराडीच्या वीज केंद्रात आहे. ड्यूटीवरून नंदनवनला घरी आला तेव्हा मी ही प्रतिज्ञा त्याला ऐकवली. त्याने बूट काढता काढता विचार केला आणि म्हणाला, "मी काय म्हणतो, कांदे काय वाईट आहेत वं? डोकं लावा लागत नाही." मी त्याला चहा दिला नाही.

मग सुरू झाली रंगीत तालीम. दह्याचा चक्का बांधून नळाला टांगला. त्यात पनीर, चीजच्या वड्या, घरची साय, लसूण असं सगळं मिक्सरमध्ये घातलं आणि बटण दाबलं. मिक्सरच्या झाकणावर हात ठेवायचा असतो, हे मला अर्थातच माहीत आहे. पण नेमका त्याच वेळी मी हात मोबाइलवर ठेवला होता! पुढच्या क्षणी चीज छतावर, पंख्यावर, कॅलेंडरवर आणि थोडं माझ्या भुवईवर.

प्रकाश धावत आला. "हे छताले काय लावलं वं?"

"चीज."

"अन् भांड्यात?"

"तेच. उरलेलं."

त्याने बोट बुडवून चाटलं. चेहऱ्यावर खरंखुरं समाधान पसरलं. "मस्त आहे बाप्पा! साखर टाकून श्रीखंड होते का याचं?" त्यानंतर जेवणाचा दिवस उजाडेपर्यंत आमच्या घरात श्रीखंड हा शब्द उच्चारायला बंदी होती.

तो दिवस उजाडला. मी भला मोठा डबाभर चीज, वांगी, गाजरं, फुलकोबीचे गड्डे, टोमॅटो, ढोबळी मिरच्या असा सरंजाम घेऊन शेतात उतरले. आणि तिथे पोचल्यावर माझ्या लक्षात आलं की त्या व्हिडिओतल्या बाईकडे ओव्हन होता. माझ्याकडे मंदाताईंचे निखारे होते! मंदाताई एरवी गाईसारखी गरीब बाई. पण एकदा गोवऱ्या पेटल्या की त्या विस्तवाभोवतीचा सगळा प्रदेश त्यांचा. तिथे काडी इकडची तिकडे करायची सोय नाही.

"ताई, एका कोपऱ्यात माझी जाळी ठेवू का?"

"कोपऱ्यात माह्ये रोडगे आहेत."

"मग दुसऱ्या कोपऱ्यात?"

"तिकडंही रोडगेच आहेत. सगळीकडं रोडगेच राहते वं इथं!"

अखेर सासूबाईंनी मध्ये पडून मला ताटाएवढी जागा मिळवून दिली. मी भाज्या लावल्या. निखारे मंद होते. आता, जिचा नवरा आयुष्यभर कोळशावरच्या वीज केंद्रात राबतोय, त्या बाईने विस्तवाबद्दल दुसऱ्या कोणाचा सल्ला घ्यावा का? मी प्रकाशला हाक मारली आणि तिथेच चुकले.

"हवा कमी पडून राहिली," तो धुराकडे बघून तज्ज्ञासारखा बोलला. कुठून तरी पुठ्ठा आणला आणि असा काही वारा घालायला लागला की जणू अख्ख्या नागपूरची वीज त्या गोवऱ्यांवरच चालणार होती! राख उठली. राख मंदाताईंच्या कणकेवर बसली, सासूबाईंच्या चष्म्यावर बसली, आणि माझ्या उघड्या डब्यातल्या पांढऱ्याशुभ्र चीजवर तर फारच मनापासून बसली.

"प्रकाश! बंद कर गा ते!" मंदाताई ओरडल्या. "रोडग्यात राख गेली सारी!"

"वहिनी, रोडगे राखेतच राहते ना?" प्रकाश म्हणाला. मुद्दा बिनतोड होता, पण वेळ चुकीची होती. त्याला विस्तवापासून हाकलण्यात आलं. चीजवरची राख मी चमच्याने काढली. जी निघाली नाही तिला मी काळी मिरी म्हणायचं ठरवलं.

पण भाज्या भाजल्या बरं का! वांग्यांची सालं चरचरून काळी पडली, टोमॅटो फुटले, गाजरांना डाग पडले. मी मोठ्या परातीत चीज पसरलं, वाटीच्या बुडाने त्यावर वळणं काढली, वर भाज्या रांगेने मांडल्या, देठं सगळी एकाच दिशेला. तीळ भुरभुरले. फोटो काढला. आयुष्यात पहिल्यांदा मी रांधलेल्या गोष्टीकडे बघून मला अभिमान वाटला. आता फक्त मध-मिरचीचं तेल घालायचं होतं, आणि त्याची बाटली गाडीत राहिली होती.

गाडीची किल्ली प्रकाशकडे. प्रकाश रागावून शेजारच्या तुरीत शेंगा तोडायला गेलेला. आणि तूर डोक्याइतकी उंच! मी हाका मारत आत शिरले. तो मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने 'ओ' देत होता, पण दर वेळी वेगळ्याच बाजूने. तो सापडला, किल्ली सापडली, बाटली सापडली, पण तोवर पंगतीची पानं मांडून झाली होती. मी बाटली घेऊन धावत परातीपाशी आले.

परातीत माझ्या भाज्या नव्हत्या.

परातीत एक करडा-पांढरा, लिबलिबीत, हिरवे ठिपके असलेला गोळा होता. शेजारी सालांचा ढीग. मंदाताई वरून जिऱ्याची चरचरीत फोडणी ओतत होत्या आणि सासूबाई दोन्ही हातांनी कालवत होत्या.

"आई!" मी बाटलीसकट ओरडले. "हे काय केलं?"

"तू कुठं गेली होती वं?" सासूबाई मायेने म्हणाल्या. "सारं अर्धवट टाकून! सालं नाही काढली, कुस्करलं नाही, तसंच दह्यावर ठेवून दिलं. पंगत बसून राहिली होती. मी मंदाले म्हटलं, थकली असन बिचारी. चल, कोणी पाहायच्या आधी करून टाकू."

"हिरवी मिरची, लसूण अन् कांद्याची पात मीच टाकली," मंदाताई हळूच म्हणाल्या. "कोणाले सांगू नको. इज्जत झाकली तुयी."

आमच्याकडे वांगं विस्तवावर गेलं की त्याचं भरीतच होतं. ते भाजून, सजवून, आख्खंच पुढ्यात ठेवायचं, हे त्या दोघींच्या स्वप्नातही आलं नसतं. शिवाय खाली पांढरं पसरलेलं. म्हणजे दह्यातलं भरीत! त्यांनी माझा शत्रुत्वाने घात केला असता तर मी भांडले असते. प्रेमाने केलेल्या घातावर काही इलाज नसतो. मी तुरीकडे तोंड करून थोडी रडले. खरंच रडले.

पंगत बसली. वाढप सुरू झालं. माझे भासरे, म्हणजे मंदाताईंचे यजमान, हे आमच्या घरातलं जेवणाचं सर्वोच्च न्यायालय. ते तोंडाने कधी चांगलं म्हणत नाहीत. पुन्हा मागितलं तर चांगलं, नाही तर खारीज. त्यांनी रोडगा फोडला, तूप सोडलं, वांग्याच्या भाजीला हात लावायच्या आधी माझ्या त्या गोळ्याचा घास घेतला आणि थांबले. त्यांनी दुसरा घास घेतला. तिसरा घेतला. मग ताट पुढे केलं.

"हे आण अजून."

नंतर सगळ्यांनीच मागितलं. परात निपटली. एकाने तर रोडग्याच्या तुकड्याने तिच्या कडा पुसून घेतल्या. मंदाताईंची वांग्याची भाजी पातेल्यात अर्धी तशीच!

"कोणं केलं हे भरीत?" भासऱ्यांनी विचारलं.

"सुनंदानं," मंदाताई तत्परतेने म्हणाल्या. बाईने खरंच माझी इज्जत झाकली.

"काय टाकलं यात?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. नुसतं लाजून 'काही नाही हो भाऊजी' म्हणायला हवं होतं. पण माझ्यातला कलावंत जखमी होता! मी म्हणाले, "चीज, पनीर, साय... आणि भाऊजी, हे भरीत नव्हतंच मुळी!"

पंगत थांबली.

"मंग काय होतं?" सासूबाईंनी विचारलं.

मी मोबाइल काढून फोटो दाखवला. ताटांवरून मोबाइल हातोहात फिरला, तुपाचे ठसे घेत भासऱ्यांपर्यंत पोचला. त्यांनी आख्ख्या गाजरांच्या त्या देखण्या रांगेकडे बराच वेळ पाहिलं आणि माझ्या नवऱ्याला विचारलं, "काय गा प्रकाश, हे माणसाइसाठी होतं का बैलाइसाठी?"

प्रकाशला हसताना ठसका लागला. (लागू दे.) सासूबाईंनी फोटो डोळ्यांजवळ नेला, चष्म्यावरची राख पुसली, पुन्हा पाहिला आणि समजूतदारपणे म्हणाल्या, "अवं, हे तं न सोललेलं भरीतच आहे."

"पण आई, जमलं ना?" मी विचारलं. आता माझी सगळी भिस्त त्यांच्यावर होती. "सगळ्यांनी मागून मागून खाल्लं. तुम्ही शब्द दिला होता!"

सासूबाई विचारात पडल्या. त्यांनी मंदाताईंकडे पाहिलं. मंदाताईंनी रिकाम्या परातीकडे पाहिलं.

"चीज हिचंच होतं," मंदाताई म्हणाल्या. "खोटं काहून बोलू?"

"अन् भाजलंही तिनंच," भासरे म्हणाले. "भाजण्यात काही कसर नाही."

"मंग ठरलं," सासूबाईंनी निकाल दिला. "भरीत दरसाल होईन. मी सोलीन, मंदा फोडणी देईन, भाजणं सुनंदाकडं. कांदे प्रकाश कापन!"

तर असा माझा विजय झाला. मी आता त्या पंगतीची मानकरी आहे. यापुढे दर हिवाळ्यात सगळे मजेत चटया टाकून गप्पा मारणार, आणि मी निखाऱ्यांपुढे उकिडवी बसून घरादाराची वांगी परतवत राहणार. कांद्याच्या काळात नुसते डोळे वाहायचे, आता धुराने नाकही वाहणार. बढती झाली की जबाबदारी वाढायचीच!